लातूरच्या दोन फुटी रीफ टँकला वेव्हमेकर कोणता घेतला आणि का

आधीच सांगून टाकतो, लातूरच्या एका सरांच्या छोट्या रीफ टँकला (म्हणजे मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) वेव्हमेकर, म्हणजे आतलं पाणी फिरवत ठेवणारा पंप, निवडताना आम्ही तासाला किती लिटर हा आकडा सगळ्यात शेवटी बघितला. पहिलं बघितलं लाईट गेल्यावर कोणता पंप चालू राहणार, मग तो पाण्यात उष्णता किती सोडणार, मग दगडाच्या मागं पाणी पोचणार का नाही, आणि हे सगळं ठरल्यावर बॉक्सवरचा आकडा. मुंबईतले लोक बहुतेक वेळा हा क्रम उलटा लावतात आणि त्यांचं निभावतं पण, कारण तिथं लाईट सहसा टिकून असते आणि मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री नसतं. आपल्याकडं दोन्ही गोष्टी उलट्या आहेत म्हणून हे सविस्तर लिहितोय, मराठवाड्यात ज्याला कोणाला छोटा रीफ करायचाय त्याला उपयोग होईल.

टँक कसा होता

लातूरला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवणारे एक सर आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टँक. काच २४ इंच लांब, १५ रुंद, १६ उंच. गुणाकार केला तर ९४ लिटर येतात, पण वर इंचभर मोकळं, खाली वाळू, मधी दगड, म्हणजे खरं पाणी ७५ लिटर धरायचं. दुकानदार पण आणि आपण पण काचेच्या मापावर हिशोब करतो आणि तिथूनच गडबड सुरू होते, म्हणून पुढं सगळीकडं ७५ च धरलेत.

समुद्र इथून रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या पुढं. त्यामुळं पाणी आरओचं आणि त्यात रीफ सॉल्ट, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं तिथं हा शौक करायचा म्हणल्यावर सरांनी आधीच ठरवलेलं की आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि फरशी पुसायला, संडासला वापरायचं. मला हे फार आवडलं, आणि हे जो करणार नाही त्यानं इथं मरीन टँक करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जीव म्हणाल तर टँकमध्येच पैदास झालेले दोन क्लाउनफिश, थोडे मश्रूम, झोआंथिडचे दोन गुच्छ (हे दोन्ही मऊ अंगाचे, सांगाडा नसलेले कोरल) आणि गोगलगाई. दगड सिरॅमिकचा, माणसानं बनवलेला. दगडी कोरल एक पण नाही आणि येणार पण नाही, कारण आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल संरक्षित आहेत, समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे. कोणी "गुपचूप देतो" म्हणलं तरी घ्यायचं नाही. आणि ह्याचा पंपाशी थेट संबंध आहे बरं का, कारण इंटरनेटवर जे ४० पट ५० पट फ्लो (तासाला टँकच्या पाण्याच्या इतक्या पट पाणी फिरवणं) सांगतात ते त्या दगडी, बारीक फांद्यांच्या कोरलसाठी. मश्रूम आणि झोआंथिडला ते वादळ होतं.

नेमकी अडचण

टँकवर मागं लटकणारा एक छोटा फिल्टर होता आणि एक एसी (घरच्या लाईनवर थेट चालणारा) वेव्हमेकर, बॉक्सवर ५००० लिटर तासाला. भागाकार करून बघा, ६६ पट. दुकानात सरांना सांगितलेलं की रीफ म्हणल्यावर फ्लो जितका जास्त तितका चांगला. सर मला म्हणले, "भाऊ, फ्लो एवढा तगडा आहे तरी मागं घाण साचायलीय, अजून मोठा घ्यावा का?"

जाऊन बघितलं तर टँकच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात वाळू पार उडालेली, खालची काच उघडी पडलेली. मश्रूम आक्रसून बटणाएवढे झालेले आणि त्यातल्या एकाची कड सारखी फडफडत होती, बुड सुटायच्या बेतात. झोआंथिड दिवसा पण अर्धे मिटलेले. आणि त्याच टँकमध्ये दगडाच्या मागं, काच आणि दगड ह्यांच्यात, पाणी जवळजवळ थांबलेलं, तिथं लालसर तपकिरी चिकट थर आणि त्यात बुडबुडे अडकलेले. म्हणजे जास्त फ्लो आणि कमी फ्लो, दोन्ही आजार एकाच ७५ लिटरमध्ये. हे बघितल्यावर मोठा पंप हे उत्तर नाही एवढं तरी नक्की झालं.

कमी-जास्तीचं कारण सोपं आहे. त्या पंपाचं तोंड अरुंद, पाणी पिचकारीसारखं सरळ एका रेषेत जातं, समोरच्या काचेवर आपटतं, खाली वळतं आणि वाळू उकरतं. मधल्या दगडाच्या आड काही जातच नाही, आणि दगड मागच्या काचेला टेकवून रचलेला होता.

फ्लो कशाला लागतो ते सरांना सांगायची गरज पडली नाही, उलट त्यांनीच मला नीट सांगितलं. कोरलच्या कातडीला लागून साचलेल्या पाण्याचा एक पातळ थर असतो, आत-बाहेर जे काही जायचंय ते त्या थरातून डिफ्यूजननं, आणि बाहेर पाणी हलतं राहिलं तर तो थर पातळ होतो. दिवसा लाईट चालू असताना कोरलच्या आतलं शेवाळ ऑक्सिजन बनवतं, तो जास्तीचा ऑक्सिजन बाहेर निघून जायला पाहिजे, आणि रात्री उलट, बाहेरचा ऑक्सिजन आत यायला पाहिजे. म्हणजे रात्री वेव्हमेकर बंद ठेवा हा सल्ला जो सर्रास देतात तो चुकीचा. रात्री कमी करा, बंद नका करू.

मेमधली ती संध्याकाळ

खरा निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टीनं झाला. मे महिन्यात वळवाचं वादळ आलं आणि लाईट गेली ती चांगली बराच वेळ. घरात इन्व्हर्टर होता पण टँकचा बोर्ड त्या लाईनवर नव्हता. घंट्याभरात दोन्ही क्लाउन वर येऊन पृष्ठभागाला तोंड लावून जोरात श्वास घ्यायला लागले. सरांनी फोन केला तेव्हा ते स्टुलावर उभं राहून मगानं टँकचंच पाणी उचलून वरून धार सोडत होते, एक हात दुखला की दुसऱ्या हातानं, आणि पोरगी मोबाईलचा टॉर्च धरून उभी. लाईट येईपर्यंत दोघांनी ते चालू ठेवलं आणि मासे वाचले. मध्येच एक्स्टेन्शन ओढून वेव्हमेकर इन्व्हर्टरवर लावून बघितला तर तो नुसता घरघर करून थरथरायला लागला, पाणी धड फेकेना.

हे का झालं ते बघा. समुद्राच्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागं पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला सव्वासहापर्यंत उतरतो. आकडा ऐकायला थोडाच कमी वाटतो, पण गरम पाण्यात माशाला आणि बॅक्टेरियाला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी जास्त असं दोन्हीकडून होतं. पाणी गोडं असतं तर अजून मावला असता, खारट पाण्यात मुळातच कमी मावतो. त्यात टँक छोटा. एवढ्याशा पाण्याला पृष्ठभाग हलता ठेवणं हाच ऑक्सिजनचा मुख्य रस्ता आहे, आणि पंप बंद पडला की तो रस्ता बंद. इन्व्हर्टरचं म्हणाल तर तो स्क्वेअर वेव्हचा होता, अशा करंटवर छोट्या एसी मोटरी आवाज करतात, गरम होतात, काही चालूच होत नाहीत. ट्यूब-पंख्याला ते खपतं, वेव्हमेकरला नाही.

काय काय पर्याय निघाले

पहिला पर्याय इलेक्ट्रिशियननं सुचवला. आहे त्याच वेव्हमेकरला पंख्याचा रेग्युलेटर बसवायचा, स्पीड कमी होईल. होत नाही. ह्या एसी वेव्हमेकरची मोटर सिंक्रोनस असते, ती करंटच्या ५० हर्ट्झच्या तालावर फिरते, व्होल्टेज कमी केलं म्हणून हळू फिरत नाही, एका मर्यादेपर्यंत तेवढ्याच स्पीडनं फिरते आणि मग अडकून गुरगुरत बसते. तसं अडकून राहिली की गरम होते आणि जळते. म्हणून हा विचार तिथंच सोडला.

दुसरा पर्याय सरांच्या वडिलांचा. अण्णा खाटेवरून म्हणले, "अरे कूलरची मोटार टाका की, दोनशे-अडीचशेला मिळती, आख्खा उन्हाळा चालती." अण्णांचा मुद्दा तसा वाईट नाही, अडीनडीला गोड्या पाण्याच्या टँकला लोक वापरतात. पण इथं तीन कारणांनी नाही. एक, कूलरचा साधा पंप १८ वॅटचा असतो आणि पाण्यात बुडवलेल्या पंपाचे सगळे वॅट शेवटी पाण्यात उष्णता होऊनच उतरतात. १८ वॅट चोवीस तास म्हणजे ४३२ वॅट-तास, अर्ध्या युनिटला थोडंसं कमी. ७५ लिटर पाण्यातून बाहेर काहीच गेलं नाही असं धरलं तर एवढ्या उष्णतेनं पाणी पाच डिग्री चढेल. प्रत्यक्षात बाष्पीभवनानं बरंच निघून जातं, पण जिथं आधीच २८-२९ वर झगडतोय तिथं ही पाच डिग्रीची उधारी कशाला. दोन, त्याच्या आत स्क्रू, शाफ्ट, वायरचा जोड कसला आहे ते माहीत नाही, मिठाच्या पाण्यात लोखंड गंजतं ते एक वेळ परवडलं, तांबं सुटलं तर गोगलगाई आणि कोरल ह्यांना ते विषच. तीन, त्याचं तोंड पाइपाचं, म्हणजे परत पिचकारीच. अण्णांना हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणले मग तुम्हाला काय करायचं ते करा पण हवा येऊ द्या मासोळ्याला. मुद्द्याचं बोलले, खरं तर.

तिसरा सम्प आणि रिटर्न पंप. मोठ्या टँकला मी हाच सांगेन. पण दोन फुटीला काचेला भोक पाडायचं, खाली कपाटात दुसरा टँक, वर पाणी चढवायला सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे परत वीसेक वॅट उष्णता, आणि चढ जितका जास्त तितका बॉक्सवरचा लिटरचा आकडा खाली येतो. शिवाय लाईट गेली की वरचं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं खाली येतं. सम्पमध्ये जागा सोडलेली नसेल आणि पाइपाला हवा घ्यायचं भोक नसेल तर ते फरशीवर. जिथं लाईट रोज ये-जा करते तिथं दुसऱ्या मजल्यावर ही जोखीम मी घेऊ दिली नसती.

मोटर काचेच्या बाहेर आणि फक्त पंखा आत, मधी चुंबक, असे पंप पण येतात, वोर्टेक त्यातलं नावाजलेलं. उष्णता बाहेरच राहते, पाण्यात वायर नाही, चीज सुंदर आहे. पण त्या एका पंपाच्या पैशात इथं टँक, स्टँड, लाईट सगळं होतं आणि बिघडला तर पार्टची वाट बघत महिना जातो. लांबट गायर पंप (रुंद पडद्यासारखं पाणी ढकलणारा) दोन फुटीला गरजच नाही, त्याला लांबी लागते.

राहिला छोटा डीसी वेव्हमेकर, प्रोपेलरचा, कंट्रोलरसकट. ह्याच्यावर जरा थांबतो.

डीसी का

प्रोपेलरचा पंप पाणी उंच चढवू शकत नाही, पण आडवं ढकलायला त्याला वीज फार कमी लागते, चार-पाच वॅटमध्ये दीड-दोन हजार लिटर आरामात ढकलतो आणि ते पण रुंद, मऊ झोतात. टँकच्या आत आपल्याला पाणी चढवायचंच नसतं, फिरवायचं असतं. म्हणून कूलरच्या पंपाच्या पाव उष्णतेत दुप्पट काम. स्पीड कंट्रोलरवरून कमी-जास्त होते, लाटेचा मोड असतो, खायला घालताना दहा मिनिटं थांबायचं बटण असतं. हे सगळं चांगलंच आहे, पण आमच्यासाठी निर्णायक गोष्ट एकच ठरली, अॅडॅप्टरवर लिहिलेलं १२ व्होल्ट.

वायफायच्या राउटरला लाईट गेल्यावर चालू ठेवणारा छोटा मिनी यूपीएस आता गावोगाव मिळतो, लातूरला तर क्लासेसच्या पोरांमुळं प्रत्येक मोबाईलच्या दुकानात. त्याचं आउटपुट १२ व्होल्ट. वेव्हमेकर पण १२ व्होल्टचा घेतला आणि पिन जुळली, तर मधी काहीच लागत नाही, सरळ चालतो. इथं एक काळजी घ्यायची, बरेच वेव्हमेकर २४ व्होल्टचे असतात, ते ह्याच्यावर चालणार नाहीत, आणि मिनी यूपीएसचा ॲम्पिअर पंपाच्या गरजेपेक्षा जास्त पाहिजे, आणि आतला-बाहेरचा प्लस मायनस एकच आहे का ते तपासायचं. आम्ही दुकानदाराला अॅडॅप्टरच्या लेबलचा फोटो मागवला, त्यानं पाठवला, मगच पैसे टाकले. बॉक्सचा फोटो पाठवणारे दुकानदार भेटतात, त्यांना परत लेबलचाच मागायचा.

इन्व्हर्टर असताना मिनी यूपीएस कशाला, हे सरांनी विचारलंच. कारण इन्व्हर्टरवर घरातले दोन पंखे आणि लाइट पण चालतात. रात्री लाईट गेली की सगळे पंखा लावून झोपतात, पहाटे बॅटरी उतरते आणि तेव्हाच, पहाटे, टँकमधला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो कारण रात्रभर कोणी बनवलेलाच नसतो. म्हणून एका पंपाची बॅटरी घरापासून वेगळी पाहिजे. आम्ही पंप दोन घेतले, एक मिनी यूपीएसवर, दुसरा इन्व्हर्टरच्या लाईनवर. डीसी पंपाचा अॅडॅप्टर स्क्वेअर वेव्हवर सहसा कुरकुर करत नाही, आम्ही घ्यायच्या आधी राउटरचाच अॅडॅप्टर लावून अंदाज घेतला होता आणि नंतर पंप लावून पण तपासलं.

एक मोठा का दोन छोटे, तर दोन छोटे, आणि दोन्ही एकाच मॉडेलचे. दोन बाजूंनी आलेलं पाणी मधी भेटतं आणि तिथं विस्कळीत फिरतं, कोरलला ते सरळ झोतापेक्षा मानवतं. एक बंद पडला तरी दुसरा राहतो. आणि एकाचा इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) दुसऱ्याला बसतो, मुंबईहून कुरिअर यायला लागतो तेवढा वेळ काढता येतो.

आता आकडा. एकेक पंप फुल स्पीडला २००० लिटरचा. मश्रूम-झोआंथिडच्या टँकला १० ते २० पट हा सर्वसाधारण अंदाज, म्हणजे ७५ लिटरला ७५० ते १५०० लिटर. दोन्ही मिळून ४००० होतात, पण चालवायचे ३०-४० टक्क्यांवर. अशा कमी स्पीडवर चालणारा पंप आवाज कमी करतो, झिजतो कमी आणि मिनी यूपीएसवर जास्त वेळ टिकतो. नंतर एखादा लेदर कोरल (चामड्यासारखा मऊ कोरल) आलाच तर वाढवायला जागा पण राहते.

बसवताना

पंप यायच्या आधी आम्ही दगड हलवला, आणि खरं सांगायचं तर अर्धी अडचण तिथंच सुटली. मागच्या काचेपासून चार बोटं पुढं ओढला, मधी एक कमान केली, म्हणजे पाणी आरपार जाईल. मागचा चिकट थर आधी नळीनं ओढून काढला, तो तसाच ठेवून फ्लो वाढवला असता तर सगळ्या टँकभर उडाला असता. ज्याला नवीन पंप घ्यावा वाटतोय त्यानं आधी दगड हलवून बघावा, फुकटात होतंय.

मग पहिला पंप डाव्या बाजूच्या काचेवर, मागं आणि वर, पाण्याच्या पातळीखाली तीन इंच, तोंड किंचित वरच्या बाजूला. हा मिनी यूपीएसवाला, कारण लाईट गेल्यावर पृष्ठभाग हलवायचं काम ह्यालाच करायचंय. दुसरा उजव्या बाजूला, थोडा खाली, तोंड मागच्या काचेकडं, म्हणजे दगडाच्या मागून पाणी ढकलणारा. कोणत्याच पंपाचं तोंड थेट कोरलकडं नाही. जुना वेव्हमेकर काढून बादलीत मीठ कालवायला ठेवला, ते काम तो झकास करतो.

त्या रात्री सगळे लाइट बंद करून आम्ही माशाचं फ्लेक बोटांत चुरून एकदम बारीक केलं, चिमूटभर पाण्यात सोडलं आणि बाजूनं टॉर्च मारला. हे प्रत्येकानं करावं, कुठलाच कागदावरचा हिशोब हे दाखवत नाही. कण पुढच्या काचेजवळून उजवीकडं जायचे, तिथं दुसऱ्या पंपाच्या पाण्याला भेटून वर उसळायचे आणि थोडे कमानीतून मागं. सगळं नीट फिरत होतं, फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात, पहिल्या पंपाच्या बरोबर खाली, रुपयाएवढ्या जागेत कण खाली बसून राहिले. सर गुडघ्यावर बसून बघत होते, म्हणले "इथं अजून झोपलेलंय पाणी." उजवा पंप अंगठ्याच्या नखाएवढा फिरवला, परत चिमूट टाकली, आता तिथले कण पण हळूहळू सरकायला लागले. मश्रूम मग त्याच शांत कोपऱ्याजवळ ठेवले, झोआंथिड मधल्या उंचीवर, जिथं कण जरा वेगात पण तुटक-तुटक जात होते.

वायरींचं विसरायचं नाही. प्रत्येक वायर बोर्डाकडं जायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. बोर्ड टँकच्या खाली होता तो बाजूला वर घेतला आणि त्या लाईनला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईट तोडणारं स्विच) बसवली. मिठाचं पाणी आणि २३० व्होल्ट एका जागी आहेत आणि घरात लहान पोरगी टँकमध्ये हात घालते, इथं काटकसर करायचीच नाही.

उष्णतेचं काय झालं

पंपांची उष्णता कमी झाली तरी लातूरचा उन्हाळा लातूरचाच. दुपारी पाणी ३० ला टेकायचं. चिलर घ्यायचा का ह्यावर बरीच चर्चा झाली, शेवटी पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा डीसी पंखा लावला. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, तिथं बाष्पीभवन जोरात होतं, आणि एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं तेवढ्यात ७५ लिटर सात-आठ डिग्रीनं उतरेल. एवढं प्रत्यक्षात उतरत नाही कारण खोली परत तापवत राहते, पण दुपारचं पाणी २७-२८ वर थांबायला लागलं. डाव्या पंपानं पृष्ठभाग हलता ठेवलाय त्याची पण मदत होते, तीच लाट ऑक्सिजनला पण आणि गारव्याला पण.

बदल्यात पाणी रोज कमी होतं. पाणी जातं, मीठ राहतं. दोन लिटर उडाले तर ३५ ची खारटता एका दिवसात ३६ च्या जवळ जाते, म्हणून रोज संध्याकाळी आरओचं साधं पाणी भरायचं, मिठाचं नाही. सरांनी काचेवर मार्करनं रेघ ओढलीय. पातळी उतरू देण्याचा दुसरा तोटा म्हणजे मागं लटकणारा फिल्टर, लाईट जाऊन परत आली आणि पाणी खाली असलं की तो हवा धरतो आणि कोरडाच फिरत बसतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंखा एवढं काम करत नाही, पण तेव्हा खोलीच गार असते.

पुढं काय दिसलं

झोआंथिड आठवडाभरात पूर्ण उघडायला लागले. मश्रूमला वेळ लागला, पण हळूहळू पसरले आणि आता कड फडफडत नाही, नुसती डोलते. वाळू जागेवर आहे. मागचा लालसर थर लगेच गेला नाही, दोन-तीन वेळा ओढून काढावा लागला आणि खाणं पण थोडं कमी केलं, मग परत धरला नाही. म्हणजे सगळं श्रेय पंपाला द्यायचं नाही, खायला जास्त घातलं तर जगातला कुठलाच वेव्हमेकर ते झाकत नाही.

लाईटची परीक्षा आम्ही मुद्दाम घेतली. रविवारी दुपारी मेन बंद केला, इन्व्हर्टर पण बंद, आणि घरात सगळ्यांना पंख्याविना बसवलं, अण्णा वैतागले. डावा पंप मिनी यूपीएसवर ३० टक्क्यांवर चालत राहिला, पृष्ठभागावर लाट होती, क्लाउन आपल्या जागेवर, श्वास नेहमीसारखा. जेवणं झाली, दुपारची झोप झाली तरी पंप चालूच होता. तेवढ्यावर न थांबता बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप पण सरांनी आणून कपाटात ठेवलाय, कारण मिनी यूपीएसची बॅटरी वर्षा-दोन वर्षांत मार खाते आणि ती नेमकी वादळाच्या रात्रीच कळते. दर महिन्याच्या एक तारखेला तो प्लग काढून तपासतात.

साफसफाई म्हणाल तर पंपावर पांढरा क्षार धरतो, तो काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात पंप घंटाभर चालवायचा, मग जुन्या टूथब्रशनं इम्पेलर घासायचा आणि साध्या पाण्यात धुवून परत. दोन पंप असल्यामुळं एक बाहेर असताना दुसरा चालू असतो. धुताना चुंबकावरचं आवरण पण बघायचं, बारीक चीर जरी दिसली तरी तो भाग बदलायचा, कारण आत पाणी गेलं की चुंबक फुगतो, गंजतो आणि ते सगळं टँकमध्ये उतरतं.

मागच्या महिन्यात सरांनी एक छोटा टोडस्टूल लेदर कोरल आणला, टँकमध्ये वाढवलेला तुकडा, पावतीसकट. चार-पाच दिवसांनी तो मिटला, वर मेणासारखी चकचकीत कात आली, आणि सरांचा घाबरून फोन. ते त्याचं नेहमीचंच आहे, कात टाकतो, फक्त ती निघून जायला पाणी जरा जोरात लागतं. उजवा पंप ३५ वरून ५५ टक्क्यांवर घ्यायला सांगितला, लाटेच्या मोडवर. कात सुटली, टोडस्टूल उघडला, पंप परत ३५ वर आणला. मश्रूमच्या कोपऱ्याला त्यातलं काही कळलं पण नाही.